खेंगाट

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी आमच्या पाथर्डीकडच्या घरात पोळी नसते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि खेंगाट. खेंगाट म्हणजे मिसळीची भाजी. वांगी, गाजर, पावटा, तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, चाकवत, चार बोरं आणि वरून तिळाचं, शेंगदाण्याचं कूट. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ म्हणत आजी ताट पुढं सरकवायची. मला त्यातलं काहीच आवडत नसे. गाजर गोड, चाकवत गिळगिळीत, बोराची बी दाताखाली.

पण नावड नुसत्या चवीची नव्हती. आमच्या नगर जिल्ह्यात खरं तर दोन जिल्हे नांदतात. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस पिकू लागला. १९५० मध्ये लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तिकडच्या मावशीकडं सणाला गव्हाची पोळी अन् गुळाची ढेप. आमच्याकडं पाऊस पडला तर बाजरी. बाजरी म्हणजे गरिबी, हे आम्हा पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पुढं शहरात नोकरी लागली आणि भोगी फक्त कॅलेंडरात उरली.

चाळिशी उलटल्यावर एका भोगीला गावी होतो. आईसोबत तुरीच्या शेंगा सोलत बसलो असताना सहज विचारलं, “आई, बहात्तरच्या दुष्काळात भोगी केली होती का गं?”

“केली ना. विहिरीला थेंब नव्हता. दिसभर खडी फोडायची अन् सुकडी घेऊन घरी यायचं. रेशनला ती लाल मिलो ज्वारी मिळायची, अमेरिकेची. तुझ्या आजीनं मडक्यातली मूठभर मटकी अन् हुलगे भिजवले, वाळवलेल्या वांग्याच्या फोडी टाकल्या. मिलोच्या भाकरीला तीळ लावले. म्हणली, रानानं दिलं तेवढंच खेंगाट.”

रोजगार हमीची कामं त्याच दुष्काळात सुरू झाली. कायदा पुढं १९७७ ला झाला. हे मी वाचलं होतं. पण त्या खडीच्या ढिगावरून घरी येऊन आजीनं भोगी केली होती, हे तेव्हा कळलं. त्या दुपारी मी दोनदा खेंगाट मागून घेतलं. तुरीचा दाणा मऊ, बोराचा आंबटपणा, कुटाचा दाटपणा, एकेक चव वेगळी लागली.

तेव्हापासून दरवर्षी भोगीला गावी जातो. मात्र आता रानात खेंगाट सापडत नाही. पूर्वी बाजरीच्या चार-सहा ओळींमागं तुरीची एक ओळ असे, मधून मटकी-हुलगा, बांधाला पावट्याचा वेल. आज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता कांदा, नाहीतर कपाशी. भोगीच्या भाजीचा वाटा बाजारातून विकत आणावा लागतो. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, शहरात बाजरीला मान आला. पण बाजरीसोबत जे पिकायचं, त्याचं काय?

गेल्या पावसाळ्यात अर्ध्या एकरात बाजरी पेरली, मध्ये तूर अन् मटकी. आई बांधावर उभी राहून ओळी मोजत होती. म्हणाली, “बोरीचं झाड तेवढं तोडू नको.”