वार्धक्यातील नैराश्य आणि प्रश्नांची भाषा

१/ झोप नाही, भूक मंदावलेली, अंगात त्राण नाही. तिशीतल्या माणसाने असे सांगितले, तर डॉक्टरांना नैराश्याची शंका येते. पंच्याहत्तरीत मात्र हीच लक्षणे संधिवाताची, हृदयविकाराची किंवा निव्वळ वयाचीही असू शकतात. मग वृद्धांचे नैराश्य ओळखावे कसे?

२/ या पेचावर जेरोम येसावेज, टी. एल. ब्रिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत उत्तर शोधले. शंभर प्रश्नांतून ३० निवडून त्यांनी ‘जेरिअ‍ॅट्रिक डिप्रेशन स्केल’ सिद्ध केले. ते १९८२-८३ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’. शारीरिक तक्रारी कटाक्षाने वगळल्या. प्रश्न राहिले ते मनाचे. १९८६ मध्ये १५ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती आली.

३/ पण अमेरिकेतील असंख्य वृद्धांची भाषा स्पॅनिश होती. इंग्रजीत ‘ब्लू’ म्हणजे निळा, तसाच उदासही. स्पॅनिश ‘आसुल’ला ती छटा नाही, उलट ‘प्रिन्सिपे आसुल’ म्हणजे स्वप्नातला राजकुमार! म्हणून अनुवाद पुन्हा मूळ भाषेत आणून ताडून पाहण्याची पद्धत महत्त्वाची ठरली. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये तिची शिस्तबद्ध मांडणी केली होती.

४/ शब्द जुळले, तरी दुःख सांगण्याची रीत उरतेच. लॅटिन अमेरिकी समाजांत मनाचा ताण अनेकदा ‘नेर्व्हिओस’ या शब्दाने व्यक्त होतो: डोके जड होणे, थरथर, निद्रानाश, रडू येणे, सारे एकत्र. १९७७ च्या ‘सीईएस-डी’ या २० प्रश्नांच्या श्रेणीत मन आणि शरीर हे वेगळे गट दिसले होते. अमेरिकेतील हिस्पॅनिक प्रौढांच्या उत्तरांचे विश्लेषण १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मात्र ते दोन गट एकमेकांत मिसळलेले आढळले.

५/ १९९३-९४ मध्ये नैऋत्येकडील पाच राज्यांत ६५ वर्षांवरील ३,०५० मेक्सिकन-अमेरिकनांच्या मुलाखती झाल्या. त्यांतही नैराश्यासाठी ‘सीईएस-डी’च वापरली गेली. १९९४ मध्ये अमेरिकी मनोविकार नियमावलीच्या परिशिष्टात ‘नेर्व्हिओस’ची नोंद झाली.

६/ पेच येथेच आहे. देहाच्या तक्रारी मोजल्या, तर म्हातारपणच आजार ठरण्याची भीती. वगळल्या, तर देहाच्याच भाषेत दुःख सांगणारी आजी निसटण्याची. म्हणूनच चाळणीचा गुणांक निदान नव्हे. कोणाजवळ बसून, त्याच्याच भाषेत, सावकाश विचारपूस करायची, एवढेच तो सुचवतो.