भाषा नव्हती तेव्हाचे प्रोग्रॅमर

फिलाडेल्फियातल्या मूर स्कूलमध्ये उभ्या राहत असलेल्या एनिॲक संगणकासाठी १९४५ साली सहा तरुणींची निवड झाली, तेव्हा त्यांना शिकायला कोणतीही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हती. होत्या त्या केबली आणि स्विच. गुप्ततेपायी सुरुवातीला यंत्राच्या खोलीत प्रवेशही नव्हता. यंत्राच्या विभागांच्या आकृत्या तेवढ्या हाती दिल्या होत्या. तोफगोळ्याच्या मार्गाचे जे गणित टेबलावरच्या यंत्राने करायला एका माणसाला तीसेक तास लागत, ते लहान लहान पायऱ्यांत फोडायचे, कोणती पायरी कोणत्या विभागाने कधी करायची हे ठरवायचे आणि मगच जोडणीला हात घालायचा. प्रोग्रॅमिंगचा गाभा प्रश्न सोडवण्यात आहे, वाक्यरचनेत नाही, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा नसेल. तरीही हे काम व्यावसायिक दर्जाच्या खालचे मानले गेले. प्रोग्रॅमरची पारख तेव्हापासून चुकत आली आहे.

यावर कोणी म्हणेल की त्या गणिताच्या पदवीधर होत्या, म्हणजे पदवी महत्त्वाचीच ठरली. बहुतेकींच्या बाबतीत हे खरे आहे. पण त्यांच्यातल्या बेटी स्नायडर यांची पदवी पत्रकारितेची होती, आणि अवघड जागी कामाला आल्या त्या त्याच. १५ फेब्रुवारी १९४६ च्या प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री गोळ्याचा मार्ग अचूक निघत होता, पण गोळा जमिनीवर आदळला तरी गणित थांबेना. आकड्यांत तो जमिनीच्या आत शिरतच राहिला. स्नायडर रात्री घरी गेल्या, सकाळी लवकर परतल्या आणि हजारो स्विचांपैकी नेमका एक फिरवला. गणित थांबले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आज भाषा आहेत, त्यांचे नियम काटेकोर आहेत, ते न येणारा माणूस काय कामाचा? नियम यायलाच हवेत. मात्र एखादा स्वल्पविराम राहिला तर कंपायलर ओळ क्रमांकासह दाखवून देतो. त्या रात्रीची चूक कोणत्याही कंपायलरला दिसली नसती, कारण प्रत्येक जोडणी नियमात बसणारीच होती. चुकले होते ते गणित कधी थांबवायचे याचे उत्तर. मुलाखतीत पाठांतर तपासणारे जी उणीव शोधतात, ती यंत्र फुकटात शोधून देते.

मग कोडी घालावीत का? आयबीएमने १९५५ च्या सुमारास तेही केले. संख्यामालिका, आकृत्यांमधली साम्ये, अंकगणित अशी अभियोग्यता चाचणी तयार झाली आणि उद्योगात सर्रास वापरली गेली. पुढच्या अभ्यासांत तिच्या गुणांचा प्रत्यक्ष कामगिरीशी फारसा मेळ बसला नाही. मला यात नवल वाटत नाही. स्नायडर यांना तो स्विच सापडला, कारण यंत्र आणि तोफगोळ्याचे गणित दोन्ही त्यांनी महिनोन्‌महिने मुरवले होते. असे कौशल्य तासाभराच्या कोड्यात उतरत नाही. चालू कामातला एक खरा, बिघडलेला प्रोग्रॅम उमेदवारासमोर ठेवावा आणि तो काय काय विचारतो ते ऐकावे, यापेक्षा बरी कसोटी मला दिसत नाही. वेळखाऊ आहे, हे मान्य.

याच स्नायडर यांनी पुढे, १९५० च्या दशकाच्या आरंभी, युनिव्हॅक या संगणकासाठी एक प्रोग्रॅम रचला. माहितीच्या नोंदी कशा आहेत आणि कोणत्या क्रमाने लावायच्या एवढे सांगितले, की क्रमवारीचा प्रोग्रॅम यंत्र स्वतःच लिहून देई.