मंगलाष्टके आणि आवाजाचा उतार

चारकोपमधील एका सोसायटीच्या चौकात १९९३ साली आमच्या आत्याचे लग्न झाले. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून म्हाडाने येथे लहान भूखंडांची वसाहत वसवली होती. घरे छोटी, पण मधे मोकळा चौक. त्यामुळे मांडव दारातच पडे. त्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आम्ही अलीकडे संगणकावर उतरवून घेतली. आजीने स्वतः रचलेली मंगलाष्टके त्यात सापडतील, ही आशा होती. निघाली चित्रपटगीते. आजी माइकपुढे उभी आहे, ओठ हलत आहेत, आणि आवाज मात्र सिनेमातल्या गायिकेचा.

ज्याने हे केले त्याला बोल लावण्याआधी यंत्राकडे पाहिले पाहिजे. जेव्हीसीने १९७६ साली आणलेल्या व्हीएचएसमध्ये चित्र फिरत्या ड्रमवरील हेडने तिरप्या रेघांत उमटते. साधा ध्वनी मात्र फितीच्या कडेला, जेमतेम एक मिलिमीटर रुंदीच्या सरळ पट्टीवर असतो. पाल पद्धतीत ही फीत सेकंदाला सुमारे २.३४ सेंटिमीटर सरकते, म्हणजे गाण्याच्या कॅसेटच्या निम्म्या वेगाने. आवाज मुळातच किरटा. दोन्हींच्या जागा वेगळ्या असल्यामुळे काही यंत्रांत ‘ऑडिओ डब’ नावाचे बटण असे. चित्राला धक्का न लावता ते खालचा आवाज पुसून नवा भरी. ज्याच्यापाशी मिक्सर आणि दुसरा व्हीसीआर नाही, त्याला मधली वाट नव्हती: जुना आवाज ठेवा, नाहीतर सगळा घालवा.

सांध्याचा हा प्रश्न बोलपटाइतका जुना आहे. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ साली आला. त्या काळी ध्वनी फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या साहाय्याने मुद्रित होई, आणि तुकडे जोडले की सांध्यावर ठोका ऐकू येई. तो दडवण्यासाठी संकलक ध्वनिपट्टीवर काळ्या शाईचा त्रिकोण रंगवीत. प्रकाश क्रमाने अडे, क्रमाने मोकळा होई, आणि कानाला धक्का बसत नसे. घरगुती संकलकाच्या हाती अशी सोय सहजपणे आली ती संगणकाबरोबर. आपल्याकडे अनेकांना तिची ओळख २००० साली आलेल्या आणि २०१७ साली बंद झालेल्या विंडोज मूव्ही मेकरने करून दिली. (‘फेड’ला प्रतिशब्द शोधताना आम्हांला ‘उतार’ त्यातल्या त्यात बरा वाटला. ‘फेड’ म्हटले की मराठी मनाला कर्ज आठवते.)

उतार देणे दिसते तितके सोपे नाही. कान पट्टीने मोजत नाही. ध्वनिलहरीची उंची निम्मी केली तर पातळी सहा डेसिबलने घटते, पण आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण दहा डेसिबलची घट लागते. म्हणून सरळ रेषेत उतरवलेले गाणे बराच वेळ रेंगाळते आणि शेवटी कड्यावरून पडल्यासारखे नाहीसे होते. रेषेला बाक द्यावा लागतो.

हे सारे शिकण्याचे कारण नऊ सेकंद. कॅसेटमध्ये एक गीत तोडल्यासारखे संपते आणि दुसरे सुरू होण्याआधी तेवढी फट राहिली आहे; तेथे डब थांबले होते. त्या फटीत आजी आहे: शेवटच्या चरणाचे टोक, मग ‘सावधान’, आणि लगोलग वाजंत्री. काम करणारा अधिक कुशल असता, एका गीताचा शेवट दुसऱ्याच्या आरंभात त्याने विरघळवला असता, तर एवढेही उरले नसते. सफाईविषयीचे आमचे मत तेव्हापासून जरा बदलले आहे.

आम्ही पहिल्या गीताला अखेरच्या दोन सेकंदांचा उतार दिला आणि आजीचे पहिले अक्षर उमटण्याआधी तो संपवला. तिच्या आवाजाला चढ दिला नाही. दिला असता तर अर्धा शब्द गिळला गेला असता. फितीची खरखर राहू दिली. ‘सावधान’नंतरची वाजंत्री एकदम अंगावर येते, तीही तशीच ठेवली. मांडवातही ती तशीच येते.