वसईच्या नावाचा वायू

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे ८० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली, नैसर्गिक वायूचा एक प्रचंड साठा आहे. तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाला तो १९७६ साली सापडला आणि नकाशावर त्याचे नाव पडले ‘बसीन’. बसीन म्हणजे आपली वसई. पोर्तुगीजांचा उच्चार इंग्रजांनी मोडून घेतला आणि इंग्रज गेल्यावरही तो समुद्रात टिकून राहिला. आसपासच्या क्षेत्रांना हीरा, पन्ना, मुक्ता, नीलम अशी रत्नांची नावे मिळाली. आमच्या वाट्याला परक्या जिभेवरचे गावाचे नाव आले. पुढे त्या भागातल्या एका क्षेत्राला ‘वसई ईस्ट’ म्हणू लागले, तेवढीच काय ती दुरुस्ती!

वसई-विरारच्या वाहतुकीचा इतिहास जुळवताना मी बैलगाडी, टांगा, एसटी आणि रिक्षा या क्रमाने आलो. सीएनजीपाशी पोचलो तेव्हा मात्र गावाच्या वेशीबाहेर पडावे लागले. कारण वसईच्या नावाचा हा वायू वसईत आलाच नाही. दक्षिण बसीनमधून १९८८च्या सुमारास उत्पादन सुरू झाले. त्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असल्याने तो समुद्रातील वाहिनीने सुरतेजवळ हजीऱ्याला नेऊन शुद्ध करायचा आणि तेथून हजीरा–विजयपूर–जगदीशपूर या वाहिनीने उत्तरेला सोडायचा, अशी व्यवस्था झाली. ही वाहिनी टाकण्यासाठीच १९८४ मध्ये ‘गेल’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली होती. खतकारखाने आणि वीजकेंद्रे हे तिचे मुख्य गिऱ्हाईक. मोटारगाड्यांचा विचार तेव्हा फारसा कोणाच्या मनात नव्हता.

तो विचार न्यायालयाने करायला लावला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीतील सर्व बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. मुदत ३१ मार्च २००१ची होती. प्रत्यक्षात काम २००२च्या अखेरीस उरकले. त्या बसगाड्यांना लागणारा वायू मुख्यतः याच वाहिनीतला. म्हणजे दिल्लीकरांच्या फुप्फुसांची काळजी काही अंशी वसईच्या नावाने घेतली, असे मी म्हणतो आणि वसईकर हसतात.

मुंबईतही तेच घडले. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’च्या याचिकेतून व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये उच्च न्यायालयाने जुन्या टॅक्सी-रिक्षांना स्वच्छ इंधनावर येण्याच्या मुदती घालून दिल्या. १९९५ साली स्थापन झालेली महानगर गॅस तिथे हाताशी होती. तिचे क्षेत्र मुंबईतून ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंत पसरले आणि भाईंदरच्या खाडीशी थांबले. खाडीपलीकडे आम्ही! तेव्हा चार वेगवेगळ्या नगरपालिकांत विभागलेलो. महानगरपालिका झाली २००९ मध्ये आणि २०११च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेली. एवढ्या वस्तीच्या रिक्षा त्या काळात काय जाळत होत्या, हे चाळिशीपुढच्या माणसाला सांगायला नको. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी टू-स्ट्रोक रिक्षा मागे निळसर धूर सोडत जाई, आणि त्यात रॉकेलची भेसळ असली तर डोळे चुरचुरत.

माझ्या मते सीएनजीचा सर्वांत मोठा, पण सर्वांत कमी बोलला गेलेला फायदा हाच: त्यात रॉकेल मिसळता येत नाही. बाकीचे फायदे पुस्तकात सापडतात. हा वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. एका कार्बनला चार हायड्रोजन. त्यामुळे काजळी जवळजवळ धरत नाही आणि तेवढ्याच उष्णतेसाठी पेट्रोलच्या मानाने कार्बन डायऑक्साइड सुमारे पाव हिश्शाने कमी निघतो. हवेपेक्षा हलका असल्याने गळती झाली तर वर उडून जातो. एलपीजीसारखा जमिनीलगत साचत नाही. मात्र टाकीत तो चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो दाबाने भरलेला असतो, म्हणून सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी सक्तीची आहे. ती टाळणारे चालक मला भेटले आहेत. आणि न जळता हवेत सुटलेले मिथेन पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक समर्थ आहे, हेही सीएनजीची आरती ओवाळताना विसरू नये.

वसईकडे वायू आला तो उलट्या दिशेने. दहेजला २००४ मध्ये कतारहून जहाजाने द्रवरूप वायू उतरू लागला, आणि २००७ मध्ये दहेज–उरण वाहिनी आमच्याच पालघर-ठाण्याच्या जमिनीखालून दक्षिणेला गेली. पालघर जिल्हा आणि ठाणे ग्रामीणचे वितरण आज गुजरात गॅसकडे आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली होती. गुजरातचा आणि आमचा हिशेब जुनाच.

पण वाहिनी जवळून गेली म्हणजे पंपावर दाब मिळतोच असे नाही. वाहिनीला थेट जोडलेल्या पंपावर कॉम्प्रेसर सतत दाब देतो. ‘डॉटर स्टेशन’वर मात्र मदर स्टेशनमधून ट्रकवर लादलेल्या सिलिंडरांतून वायू येतो. ते रिकामे होऊ लागले की दाब घसरतो, रिक्षाची टाकी अर्धवट भरते आणि चालक दुपारी पुन्हा रांगेत येतो. नालासोपाऱ्याच्या ज्या चालकांशी मी बोललो, त्यांची तक्रार भावाबद्दल कमी आणि या वेळेबद्दल अधिक होती. रांगेतला तास म्हणजे बुडालेली भाडी. १ एप्रिल २०२२ पासून राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. पण युक्रेनच्या युद्धाने आयात वायू महागला होता आणि ती सवलत त्या वाढीत लवकरच विरून गेली. पंप वाहिनीला जोडण्याचे काम मात्र युद्धावर अवलंबून नाही. रस्ता खणायची परवानगी, जागा आणि नळ, एवढेच त्याला लागते.