पावसाळ्यानंतर जुन्या मोटरबोटीचं इंजिन का बंद पडतं?

चार महिने किनाऱ्यावर झाकून ठेवलेली जुनी पेट्रोल बोट पाण्यात उतरवली आणि ऐन खाडीत इंजिन बंद! दोष अनेकदा टाकीत असतो. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते दमट हवेतलं पाणी शोषतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. आणि इंजिन इंधन ओढतं तेही तळातूनच. त्यामुळे बोट वर घेतानाच टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करावा, पाणी अडवणारा फिल्टर बसवावा. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने खराब होतात. त्या वरून धडधाकट दिसल्या तरी बदलाव्यात. यात काटकसर नको. गळलेल्या पेट्रोलची वाफ बोटीच्या तळाशी साचते, स्टार्टरच्या एका ठिणगीनेही पेटू शकते. किल्ली फिरवण्याआधी इंजिनाजवळ वाकून वास घ्यावा.