चुनेगच्ची

सोलापूरकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात माळवद वेगळं आणि गच्ची वेगळी. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची, नाहीतर पहिल्याच वळवाला घरात घमेली मांडायची. गच्चीला हा व्याप नव्हता, पण ती सगळ्यांना परवडतही नव्हती, कारण ती चुन्याची असे.

चुना त्या शब्दातच आहे. फारसीत ‘गच’ म्हणजे लिंपायचा चुना किंवा जिप्सम. म्हणून चुन्यातलं पक्कं बांधकाम ते चुनेगच्ची आणि चुना-विटांच्या तुकड्यांचा थर चोपण्यांनी कित्येक दिवस धोपटून केलेलं सपाट छप्पर ती गच्ची. (‘गच्च भरलेला डबा’ यातला गच्चही इथलाच, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरलेला बरा.) आता काँक्रीटच्या स्लॅबलाही आपण गच्चीच म्हणतो.

हा फारसी शब्द इथे आला तो दरबारातून. १३४७ साली बहमनी राज्याची गादी गुलबर्ग्याला आली. तिथून सोलापूर शंभरेक किलोमीटर. पुढे विजापूरही तेवढंच लांब. सोलापूरचा किल्ला तर चांदबिबीच्या लग्नात अहमदनगरच्या निजामशाहीकडून विजापूरच्या आदिलशाहीला आंदण म्हणून गेला. दरबाराची भाषा फारसी, तेव्हा गवंड्याच्या तोंडीही ती बसली. कमान तिथली, गिलावाही तिथलाच: ‘गिल’ म्हणजे माती आणि ‘आब’ म्हणजे पाणी. म्हणजे खरा गिलावा चिखलाचा! मेस्त्री मात्र पोर्तुगिजांकडून आला. ओळंबा आपलाच राहिला.

चुनखडीचे खडे भट्टीत भाजायचे, की चुनकळी तयार. तिच्यावर पाणी पडलं की ती फसफसून, वाफा सोडत फुटते. मग तो विझवलेला चुना भिजत ठेवायचा आणि रेती किंवा सुरखी, म्हणजे विटांची पूड, घालून घाणीत मळायचा. गोल चरातून बैल दगडी चाक फिरवत राहायचा. कुठे गूळ, कुठे बेलफळाचा गर, कुठे हिरड्याचं पाणी. प्रत्येक मेस्त्रीचं माप वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटणारं. भिंतीवर गेलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. भट्टीत जे गमावलं, तेच तो परत मिळवतो.

ही सावकाशी कारागिराच्या पथ्यावर पडते. ओल्या चुन्यात पान कोरायला, चुकलेलं मोडून पुन्हा घडवायला सवड मिळते. सोलापुरातलं इंद्रभुवन पाहताना हे आठवावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आप्पासाहेब वारदांनी उभारलेली ही वास्तू पुढे महानगरपालिकेची झाली. कामासाठी आलेला माणूस दाखल्याच्या कागदावर नजर ठेवून आत जातो. त्याने पायरीवर थांबून वर पाहावं: कमानी, खांब, वेलबुट्टी, मूर्ती. हाताने घडवलेल्या चुन्यात दोन पानं सहसा अगदी सारखी नसतात. एकाची कड जास्त वळलेली, दुसऱ्याची शीर जरा खोल. माझ्या मते यंत्राच्या नेमकेपणापेक्षा हे फरकच पाहण्यासारखे आहेत.

पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला १९१४ साली आणि पुढे सिमेंटने चुन्याची जागा घेतली. म्हणजे इंद्रभुवन चुन्याच्या अखेरच्या पिढीतलं.

शहरातल्या एका पडक्या वाड्याची कमान मी जवळून पाहिली आहे. तुटलेल्या जागी थर उघडे होते: आत विटांच्या खड्यांचा जाड थर, त्यावर बारीक रेतीचा आणि सगळ्यात वर नखाएवढा पातळ, पांढराशुभ्र संदला. त्यावरून बोट फिरवलं तर काचेसारखं घसरतं. शेजारी कुणीतरी कधीकाळी सिमेंटचं ठिगळ मारलं होतं. सिमेंट घट्ट, आतली ओल बाहेर सोडत नाही. ती ओल कडेच्या चुन्यात शिरली होती आणि ठिगळाभोवतीची वेलबुट्टी पापुद्र्यांनी गळत होती. ठिगळ तेवढं जागच्या जागी होतं.