सवाल भेदिक, हिशेब सरळ

श्रोतेहो, कुडपणच्या माणसाला जाखडी म्हणजे काय, हे सांगायला नको. ढोलकीवर थाप पडली, चाळांच्या तालावर गडी गोलात फिरू लागले, की शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर ठाकतात. देशावरचा कलगी-तुरा तो हाच. कलगीवाले शक्तीला म्हणजे मायेला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. आधी गण, मग गवळण आणि मग खरा सामना, सवाल-जवाबाचा!

या सवालांना भेदिक म्हणतात. नऊ दारांचं घर, दारं सारी उघडी, तरी धनी बाहेर पडत नाही, ओळखा पाहू. असा त्यांचा थाट. उत्तर काय, तर मानवाचा देह. शाहीर अर्थ मुद्दाम झाकतो. पण झाकायला मुळात अर्थ असावा लागतो. नाहीतर ती नुसती बडबड.

ही युक्ती जुनी आहे. महाभारत लिहून घेताना गणपतीने अट घातली, लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, अर्थ कळल्यावाचून लिहायचे नाही. मग मधूनमधून कूट श्लोक घालून व्यासांनी उसंत मिळवली. परंपरा अशा श्लोकांची संख्या ८,८०० सांगते.

आता गंमत ऐका. असाच एक फड संगणकवाल्यांचाही आहे. संगणकाला कामाचा क्रम लिहून द्यावा लागतो. डेनिस रिची यांनी घडवलेली 'सी' ही त्या लेखनाची एक भाषा. लँडन कर्ट नॉल आणि लॅरी बॅसेल हे दोघे अमेरिकेत दुसऱ्यांचे असले लेखन दुरुस्त करीत होते. ते इतके गुंतागुंतीचे निघाले, की १९८४ साली त्यांनी स्पर्धाच लावली: याहून दुर्बोध लिहून दाखवा! मात्र लिहिलेले चालले पाहिजे. १९८८ साली ब्रायन वेस्टली यांनी आडव्या रेघांची जणू गोल रांगोळीच लिहिली. ती चालवली की स्वतःचेच क्षेत्रफळ मोजून वर्तुळातील 'पाय'ची किंमत सांगे, ३.१४१! २०२० नंतर काही वर्षे खंड पडला, पण हा फड पुन्हा भरला.

शिक्षकबंधूंनो, या खेळाचा हेतू उलटा आहे. वाईट कसे लिहिता येते, हे दाखवून स्वच्छ लेखनाची किंमत पटवायची. आज आपला सातबारा संगणकावर आला आहे. त्यामागचे लेखन उद्या दुसऱ्याला वाचताच आले नाही, तर चूक दुरुस्त करणार कोण?

म्हणून मुलांना भेदिक सवाल जरूर रचू द्या. बुद्धीला धार येते. पण प्रत्येकाकडून उत्तरही सोप्या भाषेत लिहून घ्या. फडात गाठ मारणाराला टाळ्या मिळतात, कारण ती सोडवायला समोर जाणता बसलेला असतो. सोसायटीच्या वहीसमोर मात्र साधा शेतकरी बसतो. तिथला हिशेब भेदिक असून कसे चालेल?